मुका मार आणि मुलांचं श्वासपटल

दुचाकीवर पुढे, वडिलांच्या दोन हातांच्या मध्ये, हँडल धरून उभं राहिलेलं तीन-चार वर्षांचं मूल. निगडीपासून भोसरीपर्यंत आणि मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत कुठल्याही रस्त्यावर ते दिसतं. मागे आई बसलेली, तिच्या मांडीवर आणखी एक. पुढचा कंटेनर एकदम थांबला आणि दुचाकी त्याच्यावर आदळली, तर उभ्या असलेल्या मुलाच्या पोटात समोरून हँडल घुसतं आणि मागून वडिलांचं सगळं वजन येतं. अंगावर रक्त नसतं, हाड मोडलेलं नसतं. मूल जोरात रडतं आणि थोड्या वेळाने गप्प होतं. जमलेली माणसं धीर देतात की मुका मार आहे, बसेल हळूहळू, थोडं पाणी पाजा.

मुक्या मारात यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, मूत्रपिंड दुखावतात हे डॉक्टरांना ठाऊक असतं आणि ते आधी तिथेच पाहतात. या सगळ्यांच्या वर, पोट आणि छाती यांच्या मध्ये स्नायूचा एक पडदा असतो. हे श्वासपटल. वॉर्डात त्याला डायफ्रॅमच म्हणतात. तोही फाटू शकतो, ही शक्यता मात्र यादीत बरीच खाली राहते. त्याला कारणही आहे. मुक्या मारामुळे दाखल झालेल्या प्रौढांत श्वासपटल फाटण्याचं प्रमाण शेकड्यात एक ते पाचच्या आसपास सांगितलं जातं, तर मुलांमध्ये ते शेकड्यात एकाहूनही कमी आहे. टोरांटोच्या मोठ्या बालरुग्णालयातल्या शल्यविशारदांनी २००० साली आपला अनुभव मांडला, तेव्हा सुमारे दोन दशकांत त्यांना अशी १५ मुलं भेटली होती. आपल्याकडच्या एखाद्या डॉक्टरच्या वाट्याला उभ्या कारकिर्दीत एक-दोन येतील, कदाचित एकही नाही.

मग इतक्या दुर्मीळ इजेवर एवढं लिहावं कशाला? कारण ही इजा दुर्मीळ असली तरी ती निसटते ती अगदी रोजच्या कारणांनी. पहिला एक्स-रे ठीक दिसला, दुसरा काढलाच नाही. डोक्याला मार होता, त्यामुळे पोटाकडे लक्ष गेलं नाही. मूल बरं दिसलं म्हणून घरी सोडलं आणि पुन्हा दाखवायला कुणी आलं नाही. कुटुंब गावी गेलं, कागद हरवले. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ही सगळी कारणं एकाच वेळी हजर असतात. मोठ्या वेगाच्या, मोठ्या वजनाच्या गाड्या आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी, दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणारी तरुण कुटुंबं इथे एकाच रस्त्यावर आहेत. या इजेची वागण्याची रीत आणि या पट्ट्यातल्या माणसांची जगण्याची रीत यांची गाठ फार वाईट पडते.

आधी शरीराकडे पाहू. श्वासपटलाला दोन घुमट असतात. श्वास सोडताना उजवा घुमट चौथ्या-पाचव्या बरगडीच्या पातळीपर्यंत वर जातो. म्हणजे बाहेरून जी छाती वाटते, तिच्या खालच्या भागात प्रत्यक्षात यकृत, प्लीहा आणि जठर असतात. छातीच्या खालच्या बरगड्यांवर बसलेला मार हा म्हणूनच पोटावरचाही मार असतो. दुसरी गोष्ट दाबाची. पोटातला दाब छातीतल्या दाबापेक्षा नेहमी थोडा जास्त असतो. शांत श्वासात हा फरक पाण्याच्या ७ ते २० सेंटिमीटर उंचीइतका असतो, पूर्ण जोराने श्वास ओढला तर तो १०० सेंटिमीटरच्या पुढे जातो. पोटावर अचानक जबर मार बसतो तेव्हा हा दाब क्षणात कितीतरी पट वाढतो. पाण्याने भरलेली पिशवी दोन्ही हातांनी एकदम दाबली की ती जिथे कच्ची असेल तिथून फुटते, तसा हा पडदा जिथे कच्चा असतो तिथून उसवतो. ही कच्ची जागा बहुतेकदा डावीकडे, मागच्या आणि बाहेरच्या बाजूला असते. गर्भात श्वासपटल वेगवेगळ्या भागांतून जुळत येतं आणि तिथला सांधा उशिरा भरतो. उजवीकडे यकृताची जाड गादी असल्यामुळे फाटण्याच्या बहुसंख्य घटना डाव्या बाजूच्या असतात. तरी उजवी बाजू सुरक्षित समजून चालत नाही. उजवीकडचं फाटणं यकृतामुळेच झाकलं जातं आणि ओळखायला जास्त कठीण असतं.

मार बाजूने बसला तर यंत्रणा वेगळी असते. बरगड्यांचा पिंजरा एका बाजूने आत दबतो, त्याचा आकारच क्षणभर बदलतो आणि कडेला जोडलेलं श्वासपटल ओढलं जाऊन फाटतं. चाकूच्या वाराने पडलेलं भोक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं असतं. मुक्या मारातली फाट त्याहून बरीच मोठी असते आणि तिच्यातून जठर, आतडं, प्लीहा वर छातीत सरकू शकतात.

मुलांचं वेगळेपण इथे आहे. त्यांच्या बरगड्या लवचीक असतात, बराच भाग कूर्चेचा असतो. मोठ्या माणसाच्या चार बरगड्या मोडतील असा मार मुलाचा पिंजरा वाकून सोसतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. वाकताना जो जोर आत जातो, तो मात्र आतल्या अवयवांना पुरता भोगावा लागतो. छातीवरून चाक गेलेल्या मुलाची एकही बरगडी मोडलेली नसते आणि आत फुप्फुस, यकृत, श्वासपटल दुखावलेलं असतं, असं घडतं. बरगडी मोडली नाही म्हणजे आत काही झालं नाही, हा मोठ्यांच्या बाबतीतला अंदाज मुलांना लावूच नये.

आता रस्त्याकडे. पुणे-नाशिक महामार्ग नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी, कुरुळी, चाकण करत राजगुरुनगरकडे जातो. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता त्याला चाकणमध्ये छेदतो. या रस्त्यांभोवती कारखाने वाढत गेले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ची. पिंपरी-चिंचवडमधले कारखाने त्या आधीपासून वाढत होते, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तर १९५४ पासून. चाकणला वाहन उद्योग स्थिरावला तो गेल्या पंचवीस वर्षांत. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी ही शेतीची गावं बघता बघता कामगारांच्या खोल्यांची गावं झाली. रस्ते मात्र त्या वेगाने वाढले नाहीत. तयार मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, कंपन्यांच्या बसेस, कांद्याच्या बाजाराला आलेले ट्रॅक्टर, शाळेच्या व्हॅन आणि चालत शाळेत जाणारी मुलं एकाच पट्टीवरून चालतात. पादचाऱ्याला हक्काची जागा नाही अशा रस्त्यावर गाडीचा बंपर ज्या उंचीवर मोठ्या माणसाच्या मांडीला लागतो, त्याच उंचीवर पाच वर्षांच्या मुलाचं पोट आणि छाती असते. रस्ता आखणाऱ्यांनी हे एक वाक्य समोर ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

सगळेच मार महामार्गावरचे नसतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या गाडीखाली सापडलेलं मूल, कारखान्याच्या किंवा गोदामाच्या सरकत्या लोखंडी फाटकाखाली आलेलं मूल, गच्चीवरून पडलेलं मूल, सायकलवरून पडताना हँडलचं टोक पोटात रुतलेलं मूल. बैलगाडा शर्यतीच्या घाटात गर्दीत पुढे गेलेलं आणि बैलाच्या धडकेत सापडलेलं मूलही याच यादीत येतं. बांधकामावर राहणाऱ्या मजुरांच्या मुलांना भिंतीचा आणि मलब्याचा धोका असतो. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले, त्यांत चार लहान मुलं होती. शरीर मलब्याखाली चेपलं जाणं हे श्वासपटल फाटण्याचं जुनं आणि माहीत असलेलं कारण आहे.

आणखी एक कारण नाव न घेता टाळलं जातं: मारहाण. पोटात घातलेली लाथ हाही मुका मारच. सांगितलेली हकिकत आणि सापडलेली इजा यांचा मेळ बसत नसेल, पलंगावरून पडलं असं सांगून आणलेल्या मुलाच्या पोटात अपघातासारख्या इजा असतील, तर डॉक्टरांनी ती शंका कागदावर आणायलाच हवी. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक यासाठीही आहे.

मूल रुग्णालयात पोहोचल्यावर काय होतं, हा या विषयाचा गाभा. श्वासपटल एकटं क्वचितच फाटतं. ते फाडणारा जोर बहुधा आणखीही काही मोडून जातो. डोक्याला मार, मांडीचं किंवा कमरेचं हाड, यकृत, प्लीहा, फुप्फुस. या इजा डोळ्यांसमोर असतात, रक्त मागतात आणि धावपळ करायला लावतात. ते योग्यच आहे. अशा मुलांचा जीव जातो तो बहुतेकदा या सोबतच्या इजांमुळे, विशेषतः डोक्याच्या. पण त्या धावपळीत शांत बसलेली फाट मागे राहून जाते.

मुलांचा रक्तदाबही फसवतो. १५ किलोच्या मुलाच्या अंगात साधारण १२०० मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं ३०० ते ३५० मिलिलिटर पोटात सांडेपर्यंत रक्तदाब जवळपास ठीक राहू शकतो. त्याआधी नाडी वेगाने धावू लागते, हातपाय गार पडतात, मूल मलूल होतं. रक्तदाब ठीक आहे म्हणून मूल ठीक आहे, असं कुणी सांगितलं तर पालकांनी नाडीचं विचारावं. हे विचारणं उद्धटपणाचं नाही.

श्वासपटल फाटल्याची स्वतःची चिन्हं थोडी आणि संदिग्ध असतात. धाप लागणं, एका बाजूला श्वासाचा आवाज कमी येणं, छातीत आतड्याची गुडगुड ऐकू येणं, पोट खपाटीला गेल्यासारखं दिसणं. कधी मूल खांदा दुखतो म्हणतं आणि खांद्याला तर काहीच लागलेलं नसतं. श्वासपटलाला जाणारी नस मानेतून निघते, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून. खांद्याच्या त्वचेची संवेदनाही त्याच भागात पोहोचते. म्हणून पडद्याची वेदना खांद्यावर जाणवते. पण चार वर्षांच्या मुलाने हे नेमकं सांगावं अशी अपेक्षा करता येत नाही. आणि बऱ्याच मुलांत सुरुवातीला एकही चिन्ह नसतं.

पहिला आधार छातीच्या एक्स-रेचा. त्यात जठराची हवा छातीत दिसली, किंवा नाकातून जठरात घातलेली नळी वळून छातीत वर आलेली दिसली, तर निदान तिथेच होतं. म्हणून जबर मार लागलेल्या मुलाला नाकातून नळी घालणं हे उपचारही असतं आणि तपासणीही. पण पहिल्या एक्स-रेवरून खात्रीने निदान होतं ते फार तर निम्म्या रुग्णांत, उजव्या बाजूच्या फाटीत त्याहून बरंच कमी. एक घुमट किंचित वर, कडा धूसर, खाली थोडी सावली, एवढंच दिसतं. ते फुप्फुसाला बसलेला मार, छातीत साचलेलं रक्त किंवा साधं दबलेलं फुप्फुस म्हणून वाचलं जातं.

इथे एक धोका सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. छातीत सरकलेलं जठर हवेने फुगलं की एक्स-रेत आणि तपासताना ते छातीत हवा साचल्यासारखंच भासतं. घाईत तिथे सुई किंवा नळी घातली तर ती जठरात शिरते आणि पोटातली घाण छातीत पसरते. अशा वेळी आधी नाकातून नळी घालून जठर रिकामं करायचं असतं. छातीत नळी घालावीच लागली तर छेदातून आधी बोट आत फिरवून अवयव नाही ना हे पाहायचं असतं. चाकणसारख्या ठिकाणच्या पहिल्या रुग्णालयात, जिथे बालशल्यविशारद हाताशी नसतो, तिथे हे ठाऊक असणं एखाद्या महागड्या यंत्राहून मोलाचं आहे.

दुसरी फसवणूक कृत्रिम श्वासाची. डोक्याला मार लागलेलं मूल व्हेंटिलेटरवर असतं. यंत्र छातीत हवा दाबून भरतं, त्यामुळे छातीतला दाब वाढतो आणि पोटातले अवयव खाली दाबले जातात. फाट असूनही एक्स-रे स्वच्छ येतो. नळी काढली, मूल स्वतः श्वास घेऊ लागलं, की दाबाचा फरक पुन्हा उलटतो आणि जठर वर सरकू लागतं. म्हणून व्हेंटिलेटर काढल्यानंतरचा एक्स-रे हा सोपस्कार म्हणून काढायचा नसतो. पहिल्या दिवसाचा एक्स-रे त्याच्या शेजारी ठेवून पाहायचा असतो. या सगळ्या विषयात मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही एवढीच आहे: दुसरा एक्स-रे, पहिल्याशी ताडून.

सीटी स्कॅनने बरंच काही उलगडतं. आजची यंत्रं शरीराचे उभे आणि आडवे छेद जुळवून दाखवतात. पडदा कुठे तुटला, अवयव फाटीतून जाताना कुठे आवळला गेला हे त्यात दिसतं. तरी लहान फाट, जिच्यातून अजून काही सरकलेलं नाही, ती सीटीतही निसटू शकते. मुलांना किरणांचा जादा डोस देऊ नये हेही खरं, त्यामुळे प्रत्येक पडलेल्या मुलाचा सीटी काढा असा आग्रह धरता येत नाही. शंका राहिलीच तर दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहणं हा शेवटचा निवाडा.

गेल्या अर्धशतकात उपचारात जो चांगला बदल झाला, त्याने नकळत एक अडचण उभी केली आहे. पूर्वी पोटात रक्त सापडलं की पोट उघडलं जाई. भारतीय बालशल्यविशारद पी. उपाध्याय आणि त्यांचे सहकारी सिम्प्सन यांनी १९६८ साली टोरांटोतल्या अनुभवावरून दाखवून दिलं की मुलांची फाटलेली प्लीहा पुष्कळदा आपोआप भरून येते, ती काढायची गरज नसते. उपाध्याय पुढे दिल्लीच्या एम्समध्ये होते. आज जगभर मुलांच्या यकृताच्या आणि प्लीहेच्या इजा शक्यतो शस्त्रक्रियेविना, आयसीयूत नजरेखाली ठेवून सांभाळल्या जातात आणि त्यामुळे असंख्य मुलांची प्लीहा वाचली. पण पोट उघडलं जाई तेव्हा शल्यविशारद श्वासपटलावरून हात फिरवून येत आणि फाट असली तर सापडे. आता तो हात फिरत नाही. त्याची भरपाई वाचणाऱ्या डोळ्यांनी करायला हवी. यकृत-प्लीहेचा अहवाल लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टने दोन्ही घुमट सलग दिसतात की नाही हे एका ओळीत लिहिलंच पाहिजे.

प्लीहा भरून येते, श्वासपटल येत नाही. ते दर श्वासाला हलतं आणि दाबाचा फरक फाटीतून काही ना काही वर ढकलत राहतो. म्हणून ही इजा सापडली की शिवावीच लागते. ताज्या अपघातात पोटाच्या बाजूने, कारण पोटातल्या बाकीच्या इजाही पाहायच्या असतात. सरकलेले अवयव खाली आणायचे, कडा जिवंत आहेत ना ते पाहायचं आणि न विरघळणाऱ्या धाग्याने सुटे टाके घालायचे. ताज्या फाटीला जाळीची गरज सहसा पडत नाही. वेळेत आणि नीट केलेल्या शिवणीचे परिणाम चांगले असतात, मूल धावू-खेळू लागतं. उशीर झालेल्या रुग्णात अवयव छातीत चिकटलेले असतात, मग छातीच्या बाजूने जावं लागतं. स्थिर मुलात हे काम आता दुर्बिणीतूनही होतं.

उशिराची गोष्ट वैद्यकाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआज पारे यांनी १५७९ साली एका तोफखान्याच्या कप्तानाची हकिकत लिहिली. गोळी लागून तो वाचला आणि आठ महिन्यांनी पोटशूळाने गेला. शवविच्छेदनात दिसलं की श्वासपटलातल्या, करंगळीचं टोक जेमतेम शिरेल एवढ्या भोकात मोठं आतडं अडकून सडलं होतं. जिवंत माणसात या दुखण्याचं निदान करण्याचं श्रेय बॉस्टनच्या बोडिच यांना, १८५३ साली, दिलं जातं, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या चाळीसहून अधिक वर्षं आधी, निव्वळ कानाने आणि हाताने. १९७४ साली ग्राइम्स यांनी या इजेचे तीन टप्पे मांडले आणि ते आजही उपयोगी पडतात: ताजा टप्पा, मग मुका टप्पा, मग आवळण्याचा टप्पा. मुका टप्पा महिन्यांचा असतो, कधी कित्येक वर्षांचा. या काळात मूल अधूनमधून पोट दुखतं म्हणतं, जेवल्यावर उलटी करतं, चालताना दमतं, वजन धरत नाही. मग एके दिवशी आतडं फाटीत आवळतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि जी शस्त्रक्रिया पहिल्या आठवड्यात सोपी होती ती आता जीव वाचवण्याची झुंज बनते.

आता हा मुका टप्पा चाकणच्या एखाद्या कुटुंबाला लावून पाहा. वडील कंत्राटावर, नांदेडहून, वाशीमहून किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले. मुलाला अपघात झाला, उपचार झाले, घरी सोडलं. पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावलं होतं, पण त्या दिवशी पहिली शिफ्ट होती आणि खाडा परवडणारा नव्हता. सहा महिन्यांनी कंत्राट संपलं, कुटुंब गावी गेलं. दोन वर्षांनी मूल खोकतं, बारीक होतं, तिथला डॉक्टर एक्स-रे काढतो आणि डाव्या बाजूला खाली सावली दिसते. अपघाताचं कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही आणि दोन वर्षांपूर्वीच्या पडण्याचा या खोकल्याशी संबंध असेल असं आईला का वाटावं? आपल्या देशात अशी सावली न्यूमोनियाची किंवा क्षयाची समजली जाणं अगदी स्वाभाविक आहे. छातीत पाणी आहे समजून सुई टोचली गेली तर ती आतड्यात जाऊ शकते. कधी निदान जवळपास बरोबर होतं, पण ही जन्मजात हर्निया मानली जाते. मार चाकणला लागलेला असतो, त्रास मराठवाड्यात होतो आणि दोन्हींना जोडणारा कागद भाड्याच्या खोलीत राहून गेलेला असतो. हे कुटुंब माझ्या कल्पनेतलं आहे, पण चाकणच्या खोल्यांमधली वहिवाट हीच आहे.

या पट्ट्यात उपचाराची सोय नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पिंपरीच्या संत तुकारामनगरमधलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, लोकांच्या तोंडी नुसतं वायसीएम, सुमारे ७५० खाटांचं आहे आणि आसपासच्या तालुक्यांतूनही माणसं तिथे येतात. भोसरी, थेरगाव, आकुर्डी इथे महापालिकेची नवी रुग्णालयं झाली. पिंपरीत आणि थेरगावला मोठी खासगी रुग्णालयं आहेत, चिंचवडच्या मोहननगरला कामगार विम्याचं रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून धावते. अडचण आहे ती चाकण ते पिंपरी या वीसेक किलोमीटरमध्ये. कंपन्या सुटण्याच्या वेळी ते अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ उरत नाही. औद्योगिक वसाहतीच्या अगदी मध्यावर, चाकणलाच, मुलांना सांभाळू शकणारं, चोवीस तास शस्त्रक्रिया करणारं सरकारी अपघात केंद्र हवं. एवढा महसूल आणि एवढी वाहनं देणाऱ्या पट्ट्याची ही मागणी अवाजवी नाही.

पैशाच्या बाजूने एक चांगली गोष्ट झाली आहे. ५ मे २०२५ पासून केंद्राची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची रोकडरहित उपचार योजना लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च तिच्यातून होतो. ताज्या फाटीसाठी ही मोठीच मदत. पण मुक्या टप्प्यात गेलेली इजा सात दिवसांत डोकं वर काढत नाही. अपघाताशी जोडता येणाऱ्या उशिराच्या शस्त्रक्रियेला या योजनेत वाट करून द्यायला हवी. कामगार विम्याखाली कामगाराचं कुटुंबही येतं, पण महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच, आणि कंत्राट सुटलं की कार्डाचा आधार डळमळतो.

सगळ्यात स्वस्त उपाय अर्थात मार लागूच न देण्याचा. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत १८ वर्षांखालील ९,५२८ होती. कायदा झोपलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. मोटारीत १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा त्याच्यासाठीच्या खास आसनाने बांधलं नाही तर एक हजार रुपये दंड आहे. मुलांसाठीचा हा पट्टा किती घरांनी घेतला हे चाकणच्या कुठल्याही चौकात पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. इथे दरवर्षी लाखो दुचाक्या तयार होतात. त्या तयार करणाऱ्या कंपन्यांनी आपल्याच कामगारांच्या मुलांना हा पट्टा आणि छोटं हेल्मेट द्यावं. त्यांच्या सामाजिक निधीचा याहून सरळ उपयोग मला सुचत नाही. आणि पुढे उभं राहणाऱ्या मुलाला आजपासून मागे बसवावं, बांधून. त्याला पैसाही लागत नाही.

पालकांसाठी आणखी काही. मार लागलेल्या मुलाला तोंडाने काही देऊ नका, पाणीही नको, कारण भूल द्यावी लागू शकते आणि भरलेलं जठर धोक्याचं असतं. पोटावर हँडलची गोल खूण, पट्ट्याचा वळ किंवा टायरची नक्षी दिसली तर मूल कितीही हसत-खेळत असलं तरी ज्या रुग्णालयात एक्स-रे आणि सोनोग्राफी होते तिथे न्या. घरी सोडल्यावर धाप, सतत उलट्या, खांदेदुखी किंवा पोटदुखी सुरू झाली तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नका.

रुग्णालयांसाठी एकच मागणी. पोटाला किंवा छातीला जबर मार लागलेल्या प्रत्येक मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर मराठी आणि हिंदीत ठळक लिहावं: या मुलाला अमुक तारखेला मुका मार लागला होता, पुढे कधीही श्वासाचा किंवा पोटाचा त्रास झाला तर हे कार्ड डॉक्टरांना दाखवा आणि छातीचा एक्स-रे काढा. त्याचा फोटो आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे काढून द्यावा, म्हणजे खोली बदलली तरी तो सोबत राहील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलांना तपासतात. त्यांच्या तक्त्यात मोठा अपघात झाला होता का, हा एक प्रश्न वाढवावा.

आणि तुमच्या मुलाला असा मार कधी लागला असेल, पाच वर्षांपूर्वी का असेना, तर पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा त्यांनी विचारायची वाट न पाहता ते आधी सांगा.